मोर्शीची गाडी निघत नाही

आवाजी निरोप भरायला वच्छलानं मोबाईल आरशासारखा तोंडासमोर धरला आणि पलीकडचा माणूस ठार बहिरा असावा अशा आवाजात सुरू झाली.

"हॅलो. भाऊ, मी अमरावतीवरून बोलून राहिली, वच्छला. तुमी ते काळीपिवळी बनवली ना गेममधली, ते बिघडली हाय. आमचा माणूस बसते, उतरते, बसते, उतरते. गाडी काई निघून नाही राहिली. जेवत नाही, झोपत नाही, दाराले धक्के मारते. सोमवारी त्याले घेऊन जाणार हायेत. म्हून तुमचं दुसरं काय काम असन ते ठेवा बाजूले अन् आमची गाडी पाहा आधी. ठेवते मंग."

रागिणीनं कपाळाला हात लावला. "आई, असं नसते वं तिथं बोलत. लिहून टाका लागते. कॉम्प्युटर कोणता, गेम कोणता, एरर काय येऊन राहिली..."

"एरर?" वच्छलानं दाराकडं बोट केलं. "तो काय उभा हाय."

दाराला आतून कुलूप होतं आणि त्या कुलपापाशी गोवर्धन उभा होता. दाराच्या फटीला तोंड लावून तो ओरडत होता, "मोर्शी, मोर्शी, मोर्शी! चाला, मोर्शी!" मग दोन्ही हातांनी दार बडवायचा. तळहात सुजून लाल झाले होते. हळद लावली की पुसून टाकायचा आणि पुन्हा बडवायचा.

या माणसानं उभा जन्म अमरावती-मोर्शी रस्त्यावर काळीपिवळी चालवली. काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची जीप, एस.टी. चुकली की माणसं जिच्यात कोंबून जातात ती. त्या रस्त्यावरचा खड्डा अन् खड्डा त्याला तोंडपाठ होता. आणि मग तो विसरायला लागला. आधी किल्ल्या विसरला, मग पोरीचं नाव, आणि एक दिवस सकाळी बायकोकडं पाहून म्हणाला, "बाई, पाणी देता काय थोडं?" एवढा संसार केला, एवढी भांडणं केली, आणि हा बाप्पा म्हणतो बाई! त्यापेक्षा शिवी दिली असती तर वच्छलाला गोड लागली असती. त्यानंतर त्याच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही.

जीप कधीच भंगारात गेली होती, पण ते त्याच्या डोक्यात राहायचं नाही. सकाळ झाली की तो गाडी शोधायला निघायचा. एकदा बस स्टँडजवळ कोणाच्या तरी उघड्या कारमध्ये जाऊन बसला आणि स्टेअरिंगवर हात ठेवून आरसा नीट करायला लागला. मालक बोंबलत आला. गाडीचोर, गाडीचोर म्हणता म्हणता गर्दी जमली आणि म्हाताऱ्याला मारलं मेल्यांनी. भुवई फाटली, टाके पडले. तेव्हापासून दाराला कुलूप लागलं.

रागिणी एका लॅबच्या काउंटरवर कामाला होती. तिथल्या कोणीतरी तिला खेळातलं स्टेअरिंग, पायाखालचा क्लच-ब्रेक, सगळं जुनं सामान दिलं. गाडी चालवायचा गेम बाहेरदेशचा, पण त्यात हौशी लोक आपापल्या आवडीची गाडी बनवून घालतात, त्याला मॉड म्हणतात, हे तिनं आईला समजावलं. अकोल्याच्या धम्मदीप नावाच्या पोरानं काळीपिवळीचं मॉड बनवलं होतं. तेच टपाचं पिवळं, तोच हॉर्न, डॅशबोर्डवर तसाच हार. गोवर्धन पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसला, आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि निघाला. वच्छला स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून रडली होती.

त्यानंतर काही महिने घर सुखात होतं. सकाळी चहा घेऊन गोवर्धन कामावर जायचा, म्हणजे पुढच्या खोलीत. दुपारी उतरायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा, झोपायचा. दाराकडं पाहायचासुद्धा नाही. नवरा तिला ओळखत नव्हता, पण घरात होता. वच्छलानं तेवढ्यावर समाधान मानलं होतं.

मग मेल्या गेमनं आपल्या मनानं नवं रूप घेतलं. जुनी काळीपिवळी टाकली की गेमच बंद पडायचा. धम्मदीपनं नवी काळीपिवळी काढली, रागिणीनं ती आणून बसवली. दिसायला जुनीपेक्षा देखणी. पण गोवर्धन बसायचा, आरशात पाहायचा, थोडा वेळ गप्प राहायचा, आणि उतरून दाराकडं चालू पडायचा. एक दिवस वच्छला आडवी आली तर त्यानं तिला ढकललं. ती पडली, मनगट सुजलं. त्याच दिवशी तिचा मोठा भाऊ देवीदास शेंदूरजनाघाटाहून संत्र्याची पेटी घेऊन आला होता. त्यानं ते मनगट पाहिलं आणि अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या एका ठिकाणी फोन लावला.

"सोमवारी गाडी येईन त्यायची," देवीदास म्हणाला. "तू मरशीन बाई याच्या पायी."

दुखऱ्या मनगटाच्या भरात वच्छला हो म्हणून बसली. आणि हो म्हटल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिथं त्याला कोण विचारणार? संत्र्याच्या फोडीची साल काढून दिल्याशिवाय तो खात नाही, हे कोण ध्यानात ठेवणार?

"अन् गाडी चालू झाली तर?" तिनं भावाला विचारलं.

"झाली तर ठेव ना बाप्पा घरी. मले का हौस हाय?"

म्हणून तो निरोप. सोमवारच्या आत मोर्शीची गाडी निघाली पाहिजे, नाहीतर माणूस जाणार. एवढी साधी गोष्ट होती.

मॉडच्या पानाखाली लोकांनी लिहिलेलं रागिणी आईला वाचून दाखवायची. नवी आवृत्ती झकास. आरसे एकदम भारी. आता गाडी साफसुथरी वाटते, धन्यवाद भावा. वच्छलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "यायच्या साऱ्यायच्या गाड्या चालते, अन् आपलीच काहून नाही चालत? आपुन काय त्याचं घोडं मारलं?"

धम्मदीपचं उत्तर आलं. गेम काढून पुन्हा टाका. बाकीचे मॉड काढा. स्टेअरिंगची वायर दुसऱ्या जागी लावून पाहा. क्लच नव्यानं जुळवा. रागिणीनं कामावरून आल्या आल्या सगळं केलं. वायरी बदलल्या, क्लच जुळवला, जुनं पुसलं, नवं टाकलं. गोवर्धन बसला, आरशात पाहिलं, उतरला. "मोर्शी, मोर्शी!"

वच्छलानं दुसरा निरोप पाठवला. त्यात तिनं त्या पोराला बरंच सुनावलं. मग लाज वाटून तिसरा पाठवला, आणि त्यात काही बोलणंच झालं नाही. नुसती रडली. शेवटी एवढंच म्हणाली, "भाऊ, तुले माय हाय काय रे? तिले विचार, नवरा असा घरातून नेला तं कसं वाटते."

त्यावर मात्र फोन आला. "मावशी, रडू नका," पलीकडचा आवाज म्हणाला. "मी रविवारी येतो. अकोला काय लांब हाय?"

रविवारी तो खरंच आला. वाळकुडा, चष्मेवाला पोरगा, पाठीला लॅपटॉपची पिशवी. देवीदासही सकाळीच आला होता, गोवर्धनचे कपडे पिशवीत भरायला. दोघं एकमेकांसमोर बसून चहा प्याले; एक गाडी दुरुस्त करायला आलेला, एक माणूस न्यायला.

धम्मदीप खुर्चीवर बसला. किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं. हॉर्न वाजवला, गिअर टाकला, गाडी पुढं घेतली, मागं घेतली. पुन्हा बंद करून पुन्हा चालू केली. बराच वेळ त्यानं आतलं काय काय उघडून पाहिलं. मग चष्मा काढला आणि खाली मान घालून म्हणाला, "मावशी, गाडीत काईच बिघाड नाही."

वच्छलाला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर चाललं असतं. बिघाड असता तर तो काढता आला असता. गाडी चांगली आहे म्हणजे माणूसच गेला. जे काही थोडं उरलं होतं, आरसा, गिअर, रस्ता, तेही गेलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"म्या सांगतलं होतं," देवीदास हळूच म्हणाला. त्याला तरी कुठं आनंद झाला होता! त्यानं पिशवीत आणखी एक सदरा टाकला.

"काकाले एकदा बसवा माझ्यासमोर," धम्मदीप म्हणाला. "मी नुसतं पाहतो."

गोवर्धनला बसवलं. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं स्टेअरिंग पुसलं, मान वाकडी करून पडद्यावरच्या आरशात पाहिलं. थांबला. पुन्हा पाहिलं. मग उठून दाराकडं गेला आणि फटीला तोंड लावलं. "मोर्शी, मोर्शी! चाला, मोर्शी!"

"पहिले बी असेच आरशात पाहत होते काय?"

"पाहत होता ना," वच्छला म्हणाली. "पाहिलं की निघे."

धम्मदीप चाचरत म्हणाला, "मावशी, जुन्या गाडीत एक चूक होती माझी. सीटवर सवाऱ्या बसवल्या होत्या म्या, अन् त्या उतरतच नोत्या. कायम भरलेली गाडी. एकाचं तर डोकं टपातून वर निघे. लोकायनं लय तक्रारी केल्या, सवाऱ्या चिकटून बसल्या, काढा म्हणे. म्हून नव्या गाडीतून मी साऱ्या सवाऱ्या काढून टाकल्या."

वच्छलानं त्याच्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. आरशात मागच्या सीटा लखलखीत रिकाम्या दिसत होत्या.

"अरे बाप्पा," ती म्हणाली. "अरे बाप्पा रे! रिकामी गाडी घेऊन काळीपिवळीवाला निघते काय कधी? सीट बसल्याबिगर गाडी हालते काय?" ती धडपडत उठली आणि तिनं रागिणीचा दंड धरला. "अन् आपुन कुलूप लावलं वं! तो पळून नोता जात, पोरी. तो सवाऱ्या बोलावून राहिला होता! इतके दिवस तो धंद्याचं काम करून राहिला होता अन् आपुन त्याच्या तोंडावर दार लावलं!"

तिला ते सुजलेले तळहात बघवेनात. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं असं तिला वाटलं.

"टाक ना बाप्पा सवाऱ्या परत," ती धम्मदीपला म्हणाली.

"जुन्या सवाऱ्या नव्या गेमात बसत नाही, मावशी. साऱ्या नव्यानं बनवा लागतीन. पंधरा दिवस, महिना..."

"उद्या सोमवार हाय," देवीदास म्हणाला.

वच्छलानं कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. देवीदास ओरडला, पण तिनं ऐकलं नाही. गोवर्धन गल्लीत आला, ऊन डोळ्यांवर आलं तसा क्षणभर थबकला आणि मग त्यानं असा काही आवाज लावला, की मोर्शीच्या स्टँडवर ऐकू जावा. "मोर्शी, मोर्शी, मोर्शी! चाला, लगेच निघते, मोर्शी!"

गल्लीतल्या दोन खिडक्या पटकन लागल्या. तेव्हा वच्छला त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही ओरडायला सुरुवात केली. "चाला वं जमुना, मोर्शीले चाल! पंजाबराव, पेपर ठेवा तो, चाला! हात जोडते बाप्पा, थोडा वेळ येऊन बसा. फुकटात नेतो तुमाले!"

काय समजायचं ते गल्ली समजली. शेजारची जमुना हात पुसत आली, तिच्या मागं तिची सासू. पंजाबराव चप्पल घालून आले. समोरच्या घरातले नवरा-बायको आले. गोवर्धनच्या चेहऱ्यावर कळा आली. तो प्रत्येकाला दंडाला धरून आत घेऊन जायला लागला.

"सरका, सरका. दिवाणावर चौघं बसतात. ओ काका, पाय आत घ्या. अजून एक बसते, काहून नाही बसत? तुमी तिरपे व्हा ना थोडे." धम्मदीपला त्यानं लॅपटॉपसकट कोपऱ्यात खुपसला. देवीदासला तर थेट आपल्या खुर्चीच्या उजव्या अंगाला, अर्ध्या स्टुलावर. काळीपिवळीत ड्रायव्हरच्या उजवीकडंही एक सवारी बसते, ती दाराला लटकल्यासारखी. देवीदास आपलं अवाढव्य ढुंगण सावरत, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन लटकला.

डाव्या अंगाची प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी होती. वच्छला तिच्यावर बसली.

गोवर्धननं मागं वळून सगळ्या सीटा पाहिल्या. मग तिच्याकडं पाहिलं. "बाई, उठा. हे सीट लागली हाय."

"कोनाची हाय?"

"लागली हाय म्हणलं ना. मांगं जागा हाय, तिथं बसा."

वच्छला मुकाट्यानं उठली आणि मागं जाऊन जमुनाच्या बाजूला गव्हाच्या कोठीला टेकून बसली. बाकी सगळ्या जगाला त्यानं दंडाला धरून बसवलं होतं, तिलाच तेवढं उठवलं.

गोवर्धननं किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. या वेळी त्यानं पडद्यावरच्या रिकाम्या आरशाकडं पाहिलंच नाही; दुपट्टा खांद्यावर टाकला, क्लच दाबला. गाडी निघाली. जमुनानं वच्छलाचा हात घट्ट दाबला. रागिणी दारात उभी राहून हुंदके देत होती.

पडद्यावर कुठला तरी परक्या मुलुखातला डोंगर येत होता. "मोर्शीच्या रस्त्यानं बर्फ कवा पडला?" पंजाबरावांनी हळूच विचारलं, तसं जमुनाच्या सासूनं त्यांना कोपरानं ढोसलं. पण गोवर्धनला बर्फ दिसत नव्हता. तो खड्डे चुकवत होता, आणि त्याच्याबरोबर नकळत सगळी खोली डोलत होती.

थोडं पुढं गेल्यावर एक झाड आलं. गोवर्धननं गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि हॉर्न दिला. बाहेर पाहिलं. पुन्हा हॉर्न दिला.

लटकून लटकून देवीदासचा पाय मुंग्यांनी भरला होता. "भाऊजी, चाला ना," तो म्हणाला.

"थांबा हो." गोवर्धन चिडला. "माझी घरवाली चढते या फाट्यावरून. भाजीचं गाठोडं असते तिच्यापाशी, चालाले उशीर होते. वच्छला नाव हाय तिचं. येईन आता."

वच्छलाला आठवलं. फाटा! शेतातून कोथिंबीर-मेथीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती त्या फाट्यावर यायची, मोर्शीच्या बाजाराला जायला. गाडी माणसांनी फुटायची वेळ आली तरी पुढची सीट रिकामी असायची. लोक त्याच्याशी भांडायचे. तो जागचा हलायचा नाही. आज त्याला तिचं तोंड आठवत नव्हतं, पण सीट आठवत होती.

ती उठली. स्वयंपाकघरातून मेथीच्या भाजीची पिशवी उचलली, डोक्यावर पदर घेतला, मागच्या दारानं बाहेर पडली आणि घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आली. खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. ओळख रे बाप्पा, ती मनात म्हणत होती, एकदा ओळख.

गोवर्धननं वर पाहिलं. "गाडी फुल्ल हाय बाई. मांगून दुसरी येते."

आणि तो मान वाकडी करून तिच्या खांद्यावरून दाराकडं पाहायला लागला. ती समोर उभी होती आणि तो तिच्या पलीकडं तिलाच शोधत होता.

त्यानं पुन्हा हॉर्न दिला. मग पुन्हा. त्याची नजर बावरली. वच्छलाला कळलं, हा आता उतरेल. बायकोला शोधायला उतरेल आणि उद्या यालाच घेऊन जातील. काहीतरी बोलायला हवं होतं. परक्या ड्रायव्हरला बाई भाऊ म्हणते. तिनं तोंड उघडलं, पण नवऱ्याला भाऊ म्हणायला जीभ वळेना.

"डायवरसायेब," ती म्हणाली. "वच्छला नाही येत आज."

"काहून?" तो दचकला. "तब्येत गिन बरी नाही काय तिची?"

"बरी हाय. घरी काम निंगालं तिले. मी तिच्या शेजारची. तिनंच सांगतलं मले, माया सीटवर बसून जा म्हणे."

"तिनं सांगतलं?"

"हो."

गोवर्धन विचारात पडला. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि ती प्लॅस्टिकची खुर्ची स्वच्छ पुसली. "बसा मंग."

ती बसली. गिअर पडला, गाडी पुढं निघाली. तेवढ्यात देवीदासच्या खिशात फोन वाजला. त्यानं कसाबसा तो कानाला लावला, समोरच्याचं ऐकलं, मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "उद्याचं राहू द्या. मी आता गाडीत हाय ना. मोर्शीले चाललो."

रस्ता सरळ लागला. गोवर्धनचा चेहरा शांत झाला होता. बऱ्याच वेळानं रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बाई, वच्छला भेटन तुमाले संध्याकाळी?"

"भेटन."

"मंग माया निरोप द्याजा तिले. म्हणा, लय वेळ थांबलो होतो मी."

पिशवीतली मेथी तिनं छातीशी धरली. "सांगते," वच्छला म्हणाली.